डेबियनवर वायफाय दिसत नाही? फर्मवेअर लागेल तेवढंच घ्या

विश्रामबागला कॉलेजात येणारी पोरं सेकंडहॅन्ड लॅपटॉप घेतात, त्यावर डेबियन ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम टाकतात आणि मग वायफायच दिसत नाही म्हणून विचारत फिरतात, आणि कुणीतरी सांगून मोकळं होतं की नॉन-फ्री, म्हणजे डेबियनचा बंदिस्त सॉफ्टवेअरचा विभाग, सगळा चालू कर आणि सोड विषय. असं करू नका. लागतंय तेवढंच घ्या आणि काय घेतलंय ते माहीत असू द्या.

वायफाय कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो, मशीन चालू झालं की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, डिस्कवरनं उचलून कार्डात भरतो, बंद केलं की गेला. ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमच्या बाजूनं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, वेगळा, तो बहुतेक वेळा कर्नलमध्येच असतो आणि त्याचा सोर्स खुला आहे. फर्मवेअरची मात्र कंपनी नुसती बायनरी देते, म्हणजे सोर्स नसलेली तयार फाईल, म्हणून ते डेबियनच्या मेन या फक्त मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागात बसत नाही. पूर्वी ते नॉन-फ्रीमध्ये बाकी सगळ्या बंदिस्त सॉफ्टवेअरसोबत असायचं. २०२२ ला डेबियनच्या डेव्हलपर्सनी मतदान घेतलं, आणि जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग झाला, इन्स्टॉलरमध्येही फर्मवेअर यायला लागलं. मला हे पटतं, कारण आता वायफायसाठी अख्खं नॉन-फ्री उघडायची गरजच राहिली नाही.

आता काम. आधी कार्ड कुठलं ते बघा, टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय कमांड डॅश एनएनके लावून चालवा, नेटवर्क कंट्रोलरच्या खाली कंपनीचं नाव आणि कर्नल ड्रायव्हर दिसेल. मग सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून डीएमईएसजी ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालवा आणि त्यात फर्मवेअर शब्द शोधा, फाईल सापडली नाही असं तिथं नावासकट लिहिलेलं असतं. ही ओळ वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका, निम्मे लोक इथंच अंदाजानं पॅकेजेस टाकत सुटतात.

इंटेलचं कार्ड असेल तर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेक असेल तर फर्मवेअर-रिअलटेक, एएमडीच्या ग्राफिक्सला फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स. ब्रॉडकॉमचं जरा किचकट आहे, काही कार्डांना फर्मवेअर पुरतं पण काहींना बंदिस्त ड्रायव्हरच लागतो आणि तो खऱ्या नॉन-फ्रीमध्ये आहे, तिथं माझं मत विचाराल तर कार्डच बदला.

पॅकेज घ्यायला ईटीसीमधल्या एपीटी फोल्डरात सोर्सेस डॉट लिस्ट उघडा आणि प्रत्येक ओळीत मेनच्या पुढं स्पेस देऊन नॉन-फ्री-फर्मवेअर लिहा, सिक्युरिटीच्या आणि अपडेट्सच्या ओळीतपण. नव्या पद्धतीची, डॉट सोर्सेसनं संपणारी फाईल असेल तर कंपोनंट्सच्या ओळीत. मग एपीटी अपडेट, एपीटी इन्स्टॉल, रीबूट. नेटच नाही तर कसं करायचं? अँड्रॉइड फोन केबलनं लावा आणि यूएसबी टिथरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल, त्याला सहसा वेगळं फर्मवेअर लागत नाही.

डेबियन ११ वरनं अपग्रेड करून आला असाल तर ही ओळ नक्की तपासा, जुन्या फाईलमध्ये फक्त नॉन-फ्री असतं आणि मग फर्मवेअरचे अपडेट गुपचूप थांबतात.

मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतलं फर्मवेअर, त्याबद्दल पोरांमध्ये वाद होतो. इंटेल-मायक्रोकोड आणि एएमडी६४-मायक्रोकोड दोन्ही याच विभागात येतात, आपल्या प्रोसेसरचं घ्या. प्रोसेसरच्या आत मायक्रोकोड आधीपासून असतोच, तोही बंदिस्तच, पॅकेज न घेऊन तुम्ही फक्त जुन्या चुका सांभाळत बसता. २०१८ ला स्पेक्टर हा प्रोसेसरमधला सुरक्षेचा दोष बाहेर आला तेव्हा त्याच्यावरच्या उपायांचा काही भाग मायक्रोकोडमधूनच आला होता.

ज्यांना एकही बंदिस्त फाईल नको त्यांचंही बरोबर आहे, आणि त्यांच्यासाठी रस्ता आहे. इन्स्टॉलर बूट करताना कर्नलच्या ओळीत फर्मवेअर इक्वल टू नेव्हर लिहिलं की तो काही भरत नाही. कार्ड मात्र जुनं अथेरॉसचं एटीएच९के ड्रायव्हरवालं बघा, त्याला डिस्कवरनं फर्मवेअर लागतच नाही, आणि यूएसबीमध्ये एआर९२७१ चिपवालं, त्याचं फर्मवेअर खुलं आहे आणि डेबियनच्या मेनमध्येच मिळतं. घेताना चिपचं नाव दुकानदाराकडनं पक्कं करून घ्या, कारण बाहेरनं सारखीच दिसणारी डोंगल आतून वेगळी निघतात.

सगळं झालं की चेक-डीएफएसजी-स्टेटस नावाचं पॅकेज टाकून चालवा, मशीनवर फ्री नसलेलं काय काय आहे त्याची यादी येते. त्यात ओळखू न येणारं नाव दिसलं तर ते कशाला लागतंय ते शोधा, लागत नसेल तर काढा.