पिकअप दम खातेय, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

गॅरेजवर जाऊन नुसतं "गाडी ओढत नाही" एवढंच सांगितलंत की पुढचा क्रम ठरलेला असतो, आधी डिझेल फिल्टर, नाही सुटलं तर इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) उतरवायचे, तरी नाही सुटलं तर पंप कॅलिब्रेशनला, आणि बिल तुमचं. यात मिस्त्रीचा दोष अर्धाच आहे, कारण गाडी नक्की कधी दम खाते हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं आणि तो तुमची गाडी रिकामी, गावातल्या सपाट रस्त्यावर दोन मिनिटं फिरवून बघतो. तिथे ती मस्त चालणारच.

म्हणून आधी स्वतः लक्ष द्या. थंड असताना होतं का गरम झाल्यावर? रिकामी असताना पण होतं का फक्त माल भरून खंबाटकी घाट चढताना? कितव्या गिअरला, किती आरपीएमवर? मागून धूर कसला? चेक लाईट लागते का? वीस-तीस मिनिटं नीट चालून मग दम सोडते आणि जरा वेळ बंद ठेवली की परत बरी होते, असं असेल तर सरळ टाकीकडे बघा, आतल्या जाळीवर कचरा बसलेला असतो, गाडी बंद केली की तो खाली पडतो आणि चालवली की परत ओढला जातो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी असंच होतं, झाकण उघडताना हवा जोरात आत ओढल्याचा आवाज आला तर समजून जा. हे न बघता लोक पंप बदलतात!

आणि चौथ्या गिअरला हजार-बाराशे आरपीएमवर भरलेली गाडी दाबली तर ती सेकंदभर थांबणारच, टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) फिरायला एक्झॉस्टचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचा जोर लागतो, तो कमी आरपीएमला नसतोच. तो बिघाड नाही, एक गिअर खाली घ्या.

दुसरी गोष्ट, दोष इंजिनचा आहे का हेच आधी बघत नाहीत. आरपीएम चढतो पण स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट स्लिप होतेय. किंवा एखादा ब्रेक धरून बसलेला असतो, चार-पाच किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ नुसता हात न्या, हात लावू नका भाजेल, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर इंजिन उघडून काय मिळणार?

आता धूर. दाबल्यावर काळा धूर भरपूर आणि ओढ नाही, म्हणजे डिझेल येतंय पण हवा पुरत नाही. इथे "टर्बो गेला" हे वाक्य ऐकू येतं आणि ते फार महाग वाक्य आहे. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जे रबरी होज असतात ना, ते क्लिपच्या खाली किंवा पोटाच्या बाजूला चिरतात, वरून दिसत नाही, आणि ती चीर लोडवर आत प्रेशर आलं तरच उघडते, त्यामुळे उभ्या गाडीवर रेस देऊन काही कळत नाही. इंजिन थंड असताना होज काढून वाकवून बघा, बाहेरून ओला तेलकट डाग असेल तिथे विशेष. लोडवर चढाला जोरात हिस्स असा आवाज ऐकू येत असेल तर बहुतेक हेच. स्कॅनरला (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०२९९ कोड आला म्हणजे बूस्ट, टर्बोने ढकललेल्या हवेचं प्रेशर, कमी पडतोय एवढंच, टर्बो मेला असं तो कोड म्हणत नाही.

एअर फिल्टर कॉम्प्रेसरने बाहेरून आत मारणं ही अजून एक सवय, धूळ कागदात अजून घट्ट बसते आणि जोर जास्त झाला की कागद फाटतो, मग तीच धूळ टर्बोच्या पात्यांवर. फुंकायचाच असेल तर आतून बाहेर, हलक्या हवेने, नाहीतर सरळ नवीन टाका. हवेच्या सेन्सरला तर फडकं, पेट्रोल काही लावू नका, त्याचा वेगळा क्लीनर स्प्रे मिळतो.

धूर फारसा नाही आणि ओढ पण नाही, मग डिझेल कमी मिळतंय अशी शंका घ्या. फिल्टरखालचं पाणी सोडून बघा, पावसाळ्यात जास्तच. मग हवा. बऱ्याच गाड्यांमध्ये टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप डिझेल ओढत असतो, ढकलत नसतो, त्यामुळे लीक असलं तरी बाहेर थेंब गळत नाही, उलट हवा आत जाते. फिल्टरपुढे थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे दिसतात. पी००८७ कोड म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारा जाड पाइप) प्रेशर कमी. कारण जाळी, फिल्टर, हवा, पंप, रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर यातलं काहीही असू शकतं. इंजेक्टरच्या रिटर्न लाईनला चार बाटल्या लावून बघायची टेस्ट स्वस्त आहे, ज्याची बाटली आधी भरते तो बघायचा, सगळा सेट उतरवायची गरज नसते. आणि कोड डिलीट करायच्या आधी फोटो काढून ठेवा, त्यावेळचा आरपीएम, लोड सगळं कोडसोबत साठवलेलं असतं, पुसलं की गेलं.

हे मात्र नीट वाचा. जुन्या डिझेल गाड्यांवर चालू इंजिनला इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायचे, कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल देणाऱ्या गाड्यांवर) हे कधीच करायचं नाही. आत शेकडो बार, लोडवर हजाराच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडी फोडून आत जाते, जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. कोणी करत असेल तर गाडी बंद करायला लावा, आणि धार लागलीच असेल तर घरी न थांबता दवाखाना.

धूर नाही, कोड नाही, फक्त पाय दाबताना एका ठरावीक जागी गचका, तर पेडलचा सेन्सर. स्कॅनरवर लाईव्ह डेटा लावून पेडल हळूहळू दाबा, आकडा सलग चढला पाहिजे, मधेच पडला तर झालं. काही गाड्यांत ब्रेक स्विच अडकला तरी ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) डिझेल कमी करतो, ब्रेक न दाबता मागचा लाल लाईट लागलाय का एवढं बघायला पैसे पडत नाहीत.

ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व्ह) पत्रा मारून बंद करणं, हा सल्ला ढाब्यावर फुकट मिळतो. काजळीने वाल्व्ह उघडा अडकला तर गाडी दम खाते हे खरंय, पण तो साफ करा, नाहीतर बदला. पत्रा मारला की ईसीयूला फरक कळतो, चेक लाईट लागते, प्रदूषणाचे नियम मोडतात ते वेगळंच. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे त्यांचं अजून एक, दिवसभर गल्लीबोळात डिलिव्हरी मारली की काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं आणि गाडी जड होत जाते, अशांनी मधून मधून हायवेला सलग चालवावी आणि इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाकावं.

सीएनजी पिकअपवाल्यांनी यातलं बरंच सोडून द्या. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर दाबताना मिस होते, तर आधी प्लग आणि कॉइल बघा, गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते त्यामुळे कमजोर प्लग तिथेच आधी उघडा पडतो, आणि प्लग पेट्रोलवाल्या गॅपने बसवले नाहीत ना हे पण विचारा. ते बरोबर निघालं की मग गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर.