मुलांच्या खोलीतली बुरशी
आधी कपाट भिंतीपासून पुढे ओढा. आमच्या लेकीच्या खोलीत बुरशी तिथंच लपली होती, काळी, मखमलीसारखी. रात्री तिला खोकल्याची ढास लागायची. बुरशीचे बीजाणू, म्हणजे हवेत उडणारे तिचे बारीक कण, श्वासातून गेले की दमेकरी मुलांची श्वासनलिका आवळते. छातीतून सूं-सूं आवाज आला तर आधी डॉक्टर, भिंत नंतर.

पुसताना मूल खोलीबाहेर. मास्क, हातमोजे घाला, खिडकी उघडा. कोरडं खरवडू नका, बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्यानं घासून लगेच कोरडं करा. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. बुरशी लागलेली गादी सरळ टाकून द्या.

वरून रंग फासणं म्हणजे निव्वळ धूळफेक! ओल कुठून येते ते शोधा: गळका पाइप, खोलीत वाळत घातलेले कपडे. भिजलेलं काहीही २४ ते ४८ तासांत वाळवा.