टॅक्स ऑफिसमधला क्लायंटचा डेटा सांभाळायचाय? ही घ्या तयारीची यादी

सीए किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात सिक्युरिटी म्हणजे अँटीव्हायरस, वायफायचा पासवर्ड आणि दारावर कॅमेरा, एवढंच धरतात. पण क्लायंटचं पॅन, आधार, बँक स्टेटमेंट ऑफिसात बसून राहतं का? ते आर्टिकलच्या (ऑफिसात शिकणाऱ्या सीए विद्यार्थ्याच्या) मोबाईलमध्ये जातं, जीमेलमध्ये पडून असतं, पेन ड्राइव्हवर फिरतं. म्हणून कॉम्प्युटर मोजायच्या आधी माहिती मोजा.

सगळ्यात आधी एक साधी एक्सेल शीट उघडा आणि लिहा, कुठली माहिती, कुठे ठेवलीय, कोण उघडतं, कशासाठी लागते, कधीपर्यंत लागणार. डाउनलोड्स फोल्डर, स्कॅनरचं फोल्डर, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो, बंद पडलेला जुना पीसी, सगळीकडे बघा, जास्त माल अशाच जागी सापडतो. मग तीन ढीग करा. जीएसटी नंबर कोणीही पोर्टलवर शोधू शकतो, त्याला कुलूप लावत बसू नका. बॅलन्स शीट, लेजर ऑफिसपुरतं. आणि आधार, बँक, पोर्टलचे लॉगिन, डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, हे कडीकुलपात.

डीएससीबद्दल जरा जास्त सांगतो कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ड्रॉवरमध्ये वीस-पंचवीस टोकन (ही सही ज्यात असते ते पेन ड्राइव्हसारखं यूएसबी) आणि प्रत्येकावर पिन लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली, असं ऑफिस सर्रास असतं. टोकन आणि पिन एकत्र ज्याच्या हातात, तो क्लायंटच्या नावाने सही करू शकतो, आणि क्लायंटला पत्ताही लागत नाही. शक्यतो टोकन परत द्या, ठेवायचंच असेल तर कपाटाला कुलूप, कोणी कधी काढलं त्याचं रजिस्टर, आणि पिन क्लायंटकडेच. पोर्टलचे पासवर्ड एका एक्सेलमध्ये असतील तर तेही बिटवॉर्डन किंवा कीपाससारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवा, एक्सेलचा कॉलम हाइड केला म्हणजे लपला असं होत नाही.

पाठवताना काळजी घ्या. फाइलच्या नावात पॅन, मेलमध्ये जन्मतारीख आणि पासवर्डही पॅन अधिक जन्मतारीख, मग त्या पासवर्डला अर्थ काय राहिला? पासवर्ड वेगळा ठेवा आणि फोनवर सांगा. आधार मागायचंच असेल तर मास्क्ड मागा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. ड्राइव्हवर लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल अशी फाइल असेल तर आजच बंद करा.

ज्याच्याकडे ज्या क्लायंटचं काम, त्याला तेवढंच फोल्डर. आर्टिकल सोडून गेला की त्याच दिवशी लॉगिन बंद. लॅपटॉपला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) लावा, टॅलीत टॅलीव्हॉल्ट (कंपनीचा डेटा पासवर्डने बंद करणारी सोय) चालू करा, पण टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर डेटा गेलाच समजा, म्हणून बिटलॉकरची रिकव्हरी की आणि हा पासवर्ड लिहून सीलबंद पाकिटात, लॉकरमध्ये. बॅकअपची एक कॉपी ऑफिसबाहेर आणि नेटपासून तोडलेली हवी, आणि महिन्यातून एकदा त्यातून एखादी फाइल खरंच परत काढून बघा.

आता डिलीट करणं. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेवढे ठेवा. पण कधीकाळी लोनसाठी मागितलेल्या आधारच्या झेरॉक्सचं आता काय काम? जे आपल्याकडे नाहीच ते चोरीला जाणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. लहान ऑफिसला एवढा लागेलच असं नाही, पण जबाबदारी आपल्यावरही आहे.

शेवटी एक कागद प्रिंट काढून भिंतीवर लावा, कारण कॉम्प्युटर लॉक झाला तर त्यातली यादी उघडणार कशी. काही झालं तर नेटची वायर कोण काढणार, क्लायंटला कोण फोन करणार, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) ६ तासांत कळवायचं, एप्रिल २०२२ मध्ये तसे निर्देश निघालेत. हे सगळं जुलैच्या रिटर्नच्या गर्दीत होणार नाही, त्यामुळे कामं जरा कमी असतील तो आठवडा धरा आणि सुरुवात त्या ड्रॉवरपासून करा.