पेशीतील अंगके: वहीत, आकृतीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली या चुका टाळा

पेशीच्या धड्यात गुण जातात ते पाठांतर कमी पडल्यामुळे, असं बहुतेक मुलांना आणि त्यांच्या पालकांना वाटतं. उत्तरपत्रिका तपासताना चित्र नेमकं उलटं दिसतं. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, रायबोसोम म्हणजे प्रथिननिर्मिती, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, ही यादी जवळपास सगळ्यांची तोंडपाठ असते. प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते. यकृताच्या पेशींत गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका भरपूर का असते? तंतुकणिका नसलेली लाल रक्तपेशी जगते कशी? यांची उत्तरं यादीत सापडत नाहीत, कारण यादीत प्रत्येक अंगक, म्हणजे पेशीतला ठरावीक काम करणारा भाग, एकेकटं उभं असतं आणि पेशीत एकही अंगक एकट्याने काम करत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

पटलांचा हिशेब चुकणं

दुहेरी पटल तिघांनाच: केंद्रक, तंतुकणिका आणि लवके. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, रिक्तिका आणि पेरॉक्सिझोम यांना एकेरी. रायबोसोम आणि सेंट्रिओल यांना पटलच नाही. एवढं लिहून काढायला दोन मिनिटं लागतात, तरी दर परीक्षेत रायबोसोमभोवती कुणीतरी पटल काढतंच.

आकृतीतली खरी अडचण तंतुकणिकेची. मुलं बाहेर लंबगोल काढतात आणि आत काही सुट्या नागमोडी रेघा सोडून देतात. त्या रेघा सुट्या नसतात. आतलं पटलच आत वळून घड्या तयार करतं, म्हणून पेन्सिल न उचलता ती रेघ आतल्या पटलाला जोडलेली हवी. यात परीक्षकाचा हट्ट नाही. एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, तयार होतो तो याच पटलामुळे: पटलातली प्रथिनं प्रोटॉन दोन पटलांच्या मधल्या जागेत ढकलतात आणि ते परत आत येताना एटीपी बनवणाऱ्या विकरातून (एन्झाइममधून) येतात. सुट्या रेघांच्या आकृतीत प्रोटॉन साठायला बंद जागाच उरत नाही. तंतुकणिका काम कसं करते हे ज्याला कळलं, त्याच्या हातून ती आकृती सहसा चुकत नाही.

हरितलवकात आणखी एक पायरी आहे. दोन पटलांच्या आवरणाच्या आत थायलाकॉइडची वेगळी पटलं असतात. प्रकाशावर अवलंबून असलेल्या अभिक्रिया त्या पटलांवर होतात, शर्करा तयार होते थायलाकॉइडच्या बाहेरच्या द्रवात, म्हणजे स्ट्रोमामध्ये. “आतल्या पटलावर प्रकाशसंश्लेषण होते” हे वाक्य तंतुकणिकेचं उत्तर हरितलवकाला चिकटवल्याने येतं.

“वनस्पतीला हरितलवक असतं, मग तंतुकणिका कशाला?”

हा प्रश्न वर्गात आला तर त्याचं स्वागत करावं, पण उत्तरपत्रिकेत तो विधान बनून येऊ नये. हरितलवक साखर तयार करतं. त्या साखरेतून पेशीच्या रोजच्या कामांसाठी लागणारा एटीपी मुख्यतः तंतुकणिका मिळवून देते. रात्री प्रकाश नसतो, मुळांच्या पेशींत हरितलवक नसतं, तरी त्या जिवंत असतात. वनस्पतीला दोन्ही लागतात.

याच धाग्यातली दुसरी चूक: “ग्लुकोज तंतुकणिकेत जाते.” तसं होत नाही. ग्लुकोजचं विघटन पेशीद्रव्यात सुरू होतं, तिथे त्याचे पायरुवेटचे दोन रेणू होतात आणि थोडा एटीपी मिळतो. तंतुकणिकेत जातं ते पायरुवेट. हे लक्षात आलं की लाल रक्तपेशीचं उत्तर आपोआप मिळतं. माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रकही नसतं आणि तंतुकणिकाही नसतात. ती पेशीद्रव्यातल्या या पहिल्या टप्प्यावरच भागवते. ऑक्सिजन वाहून नेणारी पेशी स्वतः ऑक्सिजन न वापरता ऊर्जा मिळवते, ही गोष्ट मुलांना सांगितली की सहसा विसरत नाहीत.

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो म्हणून ती स्वतंत्र आहे, असंही लिहिलं जातं. माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए १६,५६९ बेस जोड्यांचा आहे, त्यात ३७ जनुकं आहेत आणि त्यांपैकी फक्त १३ प्रथिनांसाठी. तंतुकणिकेला लागणारी बाकीची हजारभर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रव्यात तयार होऊन आत येतात. म्हणून पुस्तकात ‘अर्धस्वायत्त’ लिहिलेलं असतं. त्यातलं ‘अर्ध’ गाळू नका.

प्रथिनाची वाट न समजणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. “गॉल्गी संकुल प्रथिने तयार करते”, “गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका प्रथिने तयार करते”, बाण गॉल्गीकडून केंद्रकाकडे, या सगळ्यांवर एकच उपाय आहे: एक प्रथिन निवडा आणि त्याच्यामागे शेवटपर्यंत चाला. इन्सुलिन घ्या, मधुमेहामुळे ते घरोघरी माहीत आहे.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीच्या केंद्रकात इन्सुलिनच्या जनुकावरून संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येतो. पेशीद्रव्यातला साधा, मोकळा रायबोसोम त्यावर काम सुरू करतो. साखळीचं पहिलं टोक बाहेर पडताच त्यातली खूण ओळखली जाते आणि रायबोसोम साखळीसकट आंतर्द्रव्यजालिकेला जाऊन चिकटतो. इथे एक मोठा गैरसमज मिटतो: मोकळे आणि चिकटलेले रायबोसोम हे दोन वेगळे प्रकार नाहीत. रचना तीच. कुठे काम होणार हे प्रथिनातली खूण ठरवते. प्रथिनांमध्ये अशा खुणा असतात हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

आत शिरल्यावर खुणेचा तुकडा कापला जातो, साखळीची घडी बसते, तिच्यात गंधकाचे बंध तयार होतात. मग पीटिका, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशव्या, ती गॉल्गी संकुलाकडे नेतात. गॉल्गीच्या एका बाजूने माल येतो, दुसऱ्या बाजूने छाटून, वर्गवारी करून बाहेर पडतो. आकृतीत या दोन बाजू वेगळ्या दाखवल्या नाहीत तर गुण जातात आणि ते योग्यच आहे. तिथून निघालेल्या कणिकांमध्ये (याही पटलाच्या छोट्या पिशव्याच) साखळीचा मधला भाग, सी-पेप्टाइड, कापून वेगळा होतो आणि २१ व ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचं इन्सुलिन उरतं. रक्तातली साखर वाढली की या कणिका पेशीच्या प्रद्रव्यपटलाला, म्हणजे बाहेरच्या पटलाला, मिळतात आणि इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही बाहेर पडतात. टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, म्हणून रुग्णाचं स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे पाहायला डॉक्टर सी-पेप्टाइडची रक्ततपासणी सांगतात.

गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिकेवर रायबोसोम नसतात. तिचं काम मेदांची निर्मिती, स्टेरॉइड संप्रेरकं, आणि यकृतात औषधं व विषारी द्रव्यं निकामी करणं. यकृताच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

रायबोसोमबद्दल आणखी एक. त्याचे ६० एस आणि ४० एस हे दोन भाग मिळून १०० एस लिहू नका, ८० एस होतात. एस हे वजन नाही. अपकेंद्री यंत्रात कण किती वेगाने खाली बसतो त्याचं ते माप आहे, आणि वेग आकारावरही अवलंबून असतो. त्यामुळे बेरीज चालत नाही.

लयकारिका फुटली की पेशी संपली?

एखादी लयकारिका फुटल्याने पेशी लगेच विरघळत नाही. आतला सामू (पीएच) ५ च्या आसपास, आम्लधर्मी. बाहेर पेशीद्रव्यात तो सुमारे ७.२. लयकारिकेतली विकरं आम्लात जोमाने चालतात, बाहेर आली की बरीचशी मंदावतात. मोठ्या संख्येने लयकारिका फुटल्या तर मात्र पेशीला धोका असतो. त्यांचं रोजचं काम वेगळंच आहे: बाहेरून आलेलं पचवणं आणि पेशीतलेच जुने, खराब भाग मोडून त्यांचे घटक परत वापरायला देणं. या दुसऱ्या प्रक्रियेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. त्यांनी ते यीस्टच्या पेशींवर केलं होतं.

लयकारिकेचा शोधही सांगण्यासारखा आहे. ख्रिश्चन द दूव्ह उंदराच्या यकृतातलं एक विकर मोजत होते. ताज्या नमुन्यात ते अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडलं. तोच नमुना काही दिवस फ्रीजमध्ये राहिल्यावर मोजला तर ते भरपूर. विकर आधीपासून होतंच, पटलाच्या आत बंद होतं. पटल खराब झाल्यावर बाहेर आलं. १९५५ मध्ये लयकारिकेला नाव मिळालं, १९७४ मध्ये त्यांना अल्बेर क्लॉद आणि जॉर्ज पलाडे यांच्यासोबत नोबेल.

पेरॉक्सिझोम दिसायला लयकारिकेसारखं, पण त्यात पाचक विकरांऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणारी आणि मोडणारी विकरं असतात. दोघांची अदलाबदल करू नका.

प्रात्यक्षिकात

कांद्याच्या पापुद्र्याच्या आकृतीत हरितलवक काढणं ही हमखास चूक. जमिनीखालच्या पांढऱ्या कांद्याच्या त्या पेशींत हिरवं काही नसतं. केंद्रकही प्रत्येक पेशीत मधोमध नसतं. मोठी रिक्तिका त्याला बऱ्याच पेशींत कडेला सारते. जाड काळ्या कडेचं, आत स्वच्छ दिसणारं गोल वर्तुळ केंद्रक नाही, तो हवेचा बुडबुडा आहे. आच्छादन काच एका कडेने टेकवून सुईने हळू खाली आणली की बुडबुडे कमी होतात. आणि रायबोसोम या सूक्ष्मदर्शकातून दिसतच नाहीत: ते २५ ते ३० नॅनोमीटरचे, प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० च्या आसपास. प्रात्यक्षिकाच्या वहीत ते ठिपके काढले की न पाहता काढलंय हे लगेच कळतं.

ऱ्होइओच्या पानाच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा मिठाच्या दाट द्रावणात ठेवल्यावर रंग आक्रसतो. तो रंग पेशीद्रव्याचा नाही, रिक्तिकेतला आहे. पाणी गेल्यामुळे रिक्तिका लहान होते आणि प्रद्रव्यपटल पेशीभित्तिकेपासून सुटतं. मग तोंडी परीक्षेत विचारतात, भित्तिका आणि पटल यांच्या मधल्या जागेत काय असतं? “हवा” किंवा “काही नाही” ही उत्तरं चूक. पेशीभित्तिका पाणी आणि मीठ दोन्ही आत सोडते, त्यामुळे तिथे बाहेरचंच मिठाचं द्रावण असतं.