केस लावायला जाताय? डॉक्टरआधी खोली बघा

तेहेतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढली, आता नौपाड्यात घरीच असते. गेल्या वर्षी भाच्याचं लग्न ठरलं आणि त्याला स्वतःचं टक्कल सलायला लागलं. घोडबंदर रोडला सलूनच्या वरच्या मजल्यावर हेअर ट्रान्सप्लांट स्वस्तात करतात म्हणाला. "मावशी, छोटंसं काम आहे, रात्री जेवायला घरीच येतो." मी चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघाले.

भिंतीवर फ्रेम केलेला एक कागद होता. वाचला, तर गुमास्ता! तो दुकानाचा कागद. पेशंट आत घेऊन शस्त्रक्रिया करायची तर शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीचं प्रमाणपत्र हवं; तो कायदा १९४९ चा. हे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं. नसेल तर मागा, आणि हातात आलं की दोनच गोष्टी बघा: मुदत आणि पत्ता. पत्ता महत्त्वाचा, कारण नोंदणी त्या जागेची असते. डॉक्टर दुसरीकडे मोठ्या हॉस्पिटलात जातात म्हणून ही खोली पावन होत नाही. खात्री करायची तर ठाण्यात ठाणे महापालिकेचा आरोग्य विभाग, वाशी-नेरूळला नवी मुंबई महापालिकेचा. खारघर-कामोठेवाल्यांनी बेलापूरला हेलपाटा घालू नये, ते पनवेल महापालिकेत येतात.

डॉक्टरांचं थोडक्यात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावलंय की नुसतं वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून हेअर ट्रान्सप्लांट शिकता येत नाही. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी विचारा, नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ताडून बघा. आणि केस प्रत्यक्ष कोण लावणार, तेही विचारा. आमच्याकडे उत्तर आलं, "आमची टीम."

आता माझा प्रांत. डोकं बधिर करायला लिग्नोकेन टोचतात. साधं असेल तर किलोमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम, रक्तवाहिन्या आकुंचवणारं अॅड्रेनालिन मिसळलेलं असेल तर सात, त्यापुढे जायचं नाही. सत्तर किलोच्या माणसाला मिसळलेलं ४९० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या औषधाचे साडेचोवीस मिलिलिटर. अख्ख्या डोक्याला टोचताना हा आकडा कधी गाठला जातो कळतही नाही. जास्त झालं की ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज येतो, मग झटके, आणि हृदयही थांबू शकतं. म्हणून पहिला प्रश्न: वजन केलं का? भाच्याचं कुणी केलं नव्हतं. वजनकाटाच नव्हता.

ऑक्सिजनचा सिलिंडर दाखवा म्हटलं. कोपऱ्यात होता, टॉवेल वाळत घातलेला. चावी फिरवायला सांगितली, तर चावी सापडेना. तुम्हीही मागा: भरलेला सिलिंडर, सक्शन म्हणजे घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र, अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, आणि हृदय थांबलं तर टोचायचं अॅड्रेनालिनचं अँप्यूल. अँप्यूलवरची तारीख स्वतः वाचा, लाजू नका. मग जिना बघा. तिथला मधेच काटकोनात वळत होता. स्ट्रेचर कसं वळवणार, या प्रश्नावर रिसेप्शनवरची मुलगी हसली.

आगाऊ भरलेले पैसे परत मिळायला दीड महिना लागला. भाच्याने पुढे दुसरीकडे करून घेतलं, जवळजवळ दुप्पट पैसे मोजून. मला न्यायला तयार नव्हता, पण आल्या आल्या फोन केला: "मावशी, काटा दारातच होता. दोनदा उभं केलं."