चेकसम जुळला नाही तेव्हा

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं. सर्चमध्ये सापडलेल्या एका भलत्याच साइटवरून तिची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलसाठीची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये, उतरवली, तिच्यापासून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवला, आणि इन्स्टॉल मध्येच अडकलं. दोनदा. मग फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा चेकसम काढला, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारी तिची ओळखखूण. अधिकृत साइटवरच्या ६४ अक्षरांशी ताडून पाहिला, तर पहिल्या चार अक्षरांपासूनच वेगळा. फाइल अर्धवट उतरली की कुणी बदलली, हे चेकसम सांगत नाही. मी ती सरळ उडवली.

नवी फाइल अधिकृत मिररवरून, म्हणजे त्याच फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, घेतली. पण चेकसमच खोटा असेल तर? ही शंका फुकाची नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटच्याच साइटवर घुसखोरी झाली होती आणि डाउनलोडची लिंक छुपा बॅकडोअर (संगणकात शिरायची चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे वळवली होती. जो लिंक बदलतो, तो शेजारचा चेकसमही बदलू शकतो. म्हणून चेकसमच्या फाइलवरची जीपीजी सही, म्हणजे मिंटवाल्यांच्या गुप्त चावीने केलेली डिजिटल सही, तपासली आणि ती तपासायला लागणाऱ्या त्यांच्या जाहीर चावीचा फिंगरप्रिंट (चावीची छोटी ओळखखूण) दुसऱ्या ठिकाणाहूनही पडताळला. इथे घाई नकोच. पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रामही त्याच्या मूळ साइटवरूनच नव्याने घेतला. तो तर ॲडमिनची परवानगी मागतो.

या वेळी इन्स्टॉल एका दमात पूर्ण झालं.