बंद पडलेलं जुनं पिनबॉल मशीन सुरू कसं करावं

शिकागोच्या गॉटलिब कंपनीचं १९६५ सालचं ‘बकारू’ हे पिनबॉल मशीन वेन नेयन्स यांनी रचलं. समोरच्या उभ्या काचेत घोडा काउबॉयला चक्क लाथ घालतो. गुण मोजण्यापासून चेंडू संपला हे ठरवण्यापर्यंत सगळा कारभार रिले (विजेच्या चुंबकाने चालणारे स्विच) आणि पत्र्याच्या पट्ट्यांवरच्या पॉइंटांचा, म्हणून ते अजूनही घरी दुरुस्त होतं. फक्त आणल्या आणल्या प्लग लावू नका.

आधी चित्राची काच काढून बाजूला ठेवा. मागून पुसू नका. रंग त्याच बाजूला असतो, फडक्याबरोबर पोपडे निघतात. मग वायर बघा. जुनी दोन तारांची असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगवाली बसवून घ्या. अमेरिकेतलं ११५ व्होल्टचं मशीन भारतात आणलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. प्रत्येक फ्यूज होल्डरशेजारच्या आकड्याशी ताडून पाहा. माझ्या मशीनमध्ये एका फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळलेली निघाली!

आता खेळ सुरू करा. मोटर फिरते, गुणांची चाकं खटखट करत शून्यावर येतात. मोटर थांबतच नसेल तर मशीन बंद करा. प्रत्येक चाक शून्यावर आलं की त्याचा एक स्विच उघडायला हवा; तो उघडत नसेल किंवा जुन्या ग्रीसने चाकच चिकटलं असेल, तर मोटर फिरतच राहते. शून्यावर न आलेलं चाक पहिलं धरा. सगळीच शून्यावर असतील तर एकेकाचा स्विच तपासा.

प्लग काढून व्हिजिटिंग कार्डाची पट्टी दोन पॉइंटांमध्ये सरकवा, हलकं दाबा आणि ओढा. कार्डावर काळी रेघ उमटते. ती उमटेनाशी होईपर्यंत हेच करत राहा. स्कूटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासलेल्यांचे हात इथे शिवशिवतात, आवरा. यातले बहुतेक पॉइंट चांदीचे, घासले की झिजतात. फ्लिपरचे, म्हणजे चेंडू टोलवणाऱ्या दांड्यांचे, तेवढे टंगस्टनचे, त्यांना बारीक कानस चालते. गंज काढायचा स्प्रे मात्र कुठेच मारू नका. इथे ठिणग्या उडतात.

मोटर थांबली की चेंडू सोडा. घोडा लाथ घालत नसेल तर पुन्हा प्लग काढा, आणि त्याच्या रिलेवर तीच कार्डाची पट्टी.